तळहातावरचे आकडे

रात्री तीनचा अतिदक्षता विभाग ज्यांनी कधी ना कधी पाहिला आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. सिस्टर चार नंबरच्या खाटेपाशी येते. मॉनिटरवर नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, श्वास असे हिरवे-पिवळे-निळे आकडे लुकलुकत असतात. ते तक्त्यात उतरवायचे, पण तक्ता टेबलावर आणि टेबल दहा पावलांवर. तेवढ्यात पाच नंबरचा सिरिंज पंप ओरडू लागतो. मग ती आकडे तळहातावर लिहिते. ग्लोव्ह असेल तर ग्लोव्हवर, नाहीतर चिकटपट्टीचा तुकडा फाडून, त्यावर लिहून तो ॲप्रनला चिकटवते. पंप गप्प करते, सलाईन बदलते, सहा नंबरच्या आजोबांनी ओढून काढलेली ऑक्सिजनची नळी पुन्हा लावते, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी टेबलाशी येऊन तळहातावरचे आकडे तक्त्यात भरते. वेळेच्या रकान्यात लिहिते : ३.००.

त्या ‘३.००’मध्ये थोडे खोटे आहे, हे तिला माहीत असते आणि डॉक्टरांनाही. कुणी बोलत नाही, कारण दुसरा मार्ग नाही. रुग्णालय ‘संगणकीकृत’ असेल तर गोष्ट इथे संपतही नाही. पाळी संपण्यापूर्वी तेच आकडे तक्त्यावरून संगणकात टाइप करायचे. यंत्राने एकदा मोजलेला आकडा तळहात, कागद आणि कीबोर्ड अशी तीन स्थळे करून नोंदीत पोचतो. ८६चे ६८ वाटेत कुठे झाले, हे मग कुणालाच सांगता येत नाही. शिवाय एक विसंगती राहतेच : संसर्ग टाळण्यासाठी एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचा नियम आहे, आणि हात धुतला की आकडे जातात.

आज १२ मे, जागतिक परिचारिका दिन. ठिकठिकाणी मेणबत्त्या लागतील, शपथ घेतली जाईल, केक कापला जाईल आणि ‘त्यागमूर्ती’, ‘सेवेची देवता’ असे शब्द भाषणांतून वाहतील. देवता म्हटले की पगाराचा आणि पाळ्यांचा विषय निघत नाही, ही आपली जुनी सोय. यंदा आम्हाला एका कोरड्या, तांत्रिक वाटणाऱ्या विषयावर लिहायचे आहे. खाटेजवळची यंत्रे रुग्णाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींना थेट जोडण्याचा हा विषय आहे. तो संगणक विभागाचा समजला जातो. आमच्या मते तो आधी परिचारिकांचा आहे.

ज्यांच्या जन्मदिनी हा दिवस साजरा होतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनाही हे पटले असते. हातात दिवा घेऊन रात्री वॉर्डातून फिरणारी बाई, एवढीच त्यांची ओळख आपण शाळेतून घेऊन निघालो. नोव्हेंबर १८५४मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन त्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या, तेव्हा तिथे मृत्यूंच्या नोंदीही धड नव्हत्या. परत आल्यावर त्यांनी काय केले? आकडे जमवले, विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने ते मांडले आणि १८५८मध्ये ती प्रसिद्ध पाकळ्यांची आकृती काढली. शत्रूच्या गोळीपेक्षा घाणीतून येणाऱ्या रोगांनी कितीतरी जास्त सैनिक मारले, हे त्या आकृतीत एका नजरेत दिसत होते. पुढे रुग्णालयांविषयी लिहिताना त्यांनी तक्रार केली, की एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहावी, अशी ती कुठेच सापडत नाही. १८६०मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या नमुन्याचे तक्ते त्यांच्याच प्रयत्नाने गेले. लंडनच्या काही रुग्णालयांत ते वापरून पाहिले गेले आणि मग बारगळले. भरायला फार वेळ लागतो, ही कुरकुर तेव्हाचीच.

म्हणजे एकसारखी नोंद हवी, ही मागणी दीडशेहून अधिक वर्षे जुनी आहे. ती करणारी व्यक्ती परिचारिका होती. तरी तो प्रश्न आपण अभियंत्यांकडे सोपवून मोकळे झालो.

रुग्णाच्या शरीराचा आकडा ही गोष्टच मुळात फार जुनी नाही. जर्मनीत लाइपझिग येथे कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांचे तापमान पुन्हा पुन्हा मोजून १८६८मध्ये आपला ग्रंथ काढला. आज खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तापाचा आलेख हा त्याच परंपरेतला. त्यांचा तापमापक जवळजवळ फूटभर लांब होता आणि पारा स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटे लागत. कुणीतरी तेवढा वेळ रुग्णापाशी बसून असे. १८९४मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात अर्नेस्ट कॉडमन आणि हार्वी कुशिंग या दोन विद्यार्थ्यांनी ईथर देताना रुग्णाची नाडी ठरावीक अंतराने कागदावर मांडायला सुरुवात केली. कुशिंगच्या हातून ईथर देताना एक रुग्ण दगावला होता, आणि ते त्याच्या मनातून गेले नव्हते. भुलीचा तक्ता त्या बोचणीतून जन्माला आला. १९०१मध्ये कुशिंगने इटलीत पाव्हियाच्या रुग्णालयात रिव्हा-रोच्ची यांचे रक्तदाब मोजायचे साधन पाहिले, ते अमेरिकेत नेले, आणि तक्त्यावर रक्तदाबाचीही रेघ आली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. आकडा जन्मला तेव्हा माणूस हजर होता. बोटे मनगटावर होती, डोळे पाऱ्यावर, आणि ज्याने मोजले त्यानेच लिहिले. आकड्याला साक्षीदार होता. मॉनिटर आल्यावर मोजणारा आणि लिहिणारा वेगळे झाले. यंत्र मोजू लागले आणि माणसाकडे नक्कल करण्याचे काम उरले. नक्कल तर यंत्र माणसापेक्षा चांगली करते. तेव्हा लिहिणेही यंत्राकडेच द्यावे, हे ओघानेच येते आणि आमचाही त्याला पाठिंबा आहे. मात्र लिहिण्याबरोबर साक्षही यंत्राच्या गळ्यात टाकायची की काय, इथे खरी गोम आहे.

आधी तांत्रिक बाजू थोडी पाहू, कारण ‘वायर जोडली की झाले’ असा समज वरच्या मजल्यावरच्या केबिनांत पुष्कळ आढळतो. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, डायलिसिसचे यंत्र, रक्तातील वायू तपासणारे यंत्र, ग्लुकोमीटर या प्रत्येकाच्या पाठीमागे माहिती बाहेर काढायचे भोक असते. कधी जुन्या पद्धतीचे नऊ पिनांचे, कधी नेटवर्कचे. त्यातून जे बाहेर पडते ते प्रत्येक कंपनीच्या आपापल्या भाषेत. नाडीला एक कंपनी एका नावाने हाक मारते, दुसरी दुसऱ्या. पूर्वी एका तालुक्याची पायली पलीकडच्या तालुक्यात चालत नसे, तसेच हे. १९५६च्या कायद्याने आपल्याकडे दशमान मापे आली आणि शेर-पायलीचा घोळ मिटला. यंत्रांच्या बाबतीत तो कायदा कागदावर आहे, पण बाजारात पायलीच चालते.

कागदावर म्हणजे असे. खाटेजवळच्या यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे नियम ठरवण्याचे काम अमेरिकेत १९८०च्या दशकात सुरू झाले. आज ते ‘११०७३’ या क्रमांकाच्या मानकांच्या मालिकेत आहेत. रुग्णालयातील संगणकांनी एकमेकांना निरोप कसे धाडावेत, हे ठरवणारी ‘एचएल-सेव्हन’ ही संस्था १९८७ची. तिचे आजच्या इंटरनेटच्या काळाला साजेसे रूप म्हणजे ‘फायर’, आणि आपल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने तेच स्वीकारले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३मध्ये जाहीर केली, २०१६मध्ये सुधारली, आणि त्यांत उपकरणांसाठी ११०७३चा उल्लेखही आहे. नियम आहेत, पण खरेदीच्या वेळी ते कुणी विचारत नाही. तिकडे वळूच.

भाषा जुळली तरी एकक उरते. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. एकाचे दुसऱ्यात करायचे तर १८ने गुणावे किंवा भागावे लागते. आता नुसता ‘१८’ हा आकडा घ्या. मिलिमोलमध्ये तो ३२४ मिलिग्रॅम होतो, म्हणजे साखर फारच वाढली, इन्शुलिन द्या. मिलिग्रॅममध्ये तोच १८ म्हणजे साखर इतकी उतरली की रुग्ण बेशुद्ध असेल, ताबडतोब ग्लुकोज द्या. एकाच आकड्याला दोन उलटे उपचार. माणूस हे लिहीत असतो तेव्हा रुग्णाकडे बघून थबकतो. वायर थबकत नाही.

पण एकक आणि भाषा हे प्रश्न शेवटी सुटणारे आहेत. एकदा नीट बसून सोडवले की सुटतात. खरा अवघड प्रश्न ऐकायला फार साधा आहे : हा आकडा कुणाचा?

मॉनिटर खाटेचा असतो. त्याला ‘चार नंबर’ ठाऊक असतो, माणूस ठाऊक नसतो. पहाटे चार नंबरचा रुग्ण सीटी स्कॅनला गेला. त्याच वेळी अपघात विभागातून नवा आला, खाट नव्हती म्हणून त्याला तात्पुरते चार नंबरवर घेतले. मामांनी खाट ढकलली, मावशींनी चादर बदलली, सिस्टरने तारा लावल्या, जीव वाचवायची घाई. संगणकात मात्र चार नंबर अजूनही पहिल्याच्या नावावर आहे. पुढचा तासभर दुसऱ्याचा कोसळणारा रक्तदाब पहिल्याच्या नोंदीत इमानेइतबारे भरला जातो, तोही दर मिनिटाला. कागदावर असे होत नव्हते असे नाही. पण कागदावर तासाला एक चूक होई. इथे यंत्राच्या तत्परतेने साठ होतात, आणि त्या सुबक, छापील अक्षरांत असल्याने खऱ्या वाटतात. वेडेवाकडे अक्षर निदान शंका तरी घेऊ देते.

यावर उपाय आहेत. रुग्णाच्या मनगटावर बारकोडची पट्टी, यंत्रावरही बारकोड, आणि तारा लावताना दोन्ही स्कॅन करणे. काढतानाही स्कॅन करणे, हे लोक विसरतात. आयुष्मान भारतखाली मिळणारा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक माणसाची ओळख देतो. असे क्रमांक आजवर ७० कोटींहून अधिक लोकांना मिळाले आहेत. ‘स्कॅन अँड शेअर’ने बाह्यरुग्ण विभागातली केस पेपरची रांग कमी झाली, हे अनेकांनी अनुभवले असेल. तरी आभा क्रमांक खिडकीवर विचारला जातो आणि चार नंबरची खाट आत, दोन दरवाजे ओलांडून आहे. खिडकीवरची ओळख खाटेपर्यंत नेणारे कुणीतरी लागते. एकाच वॉर्डात एकाच नावाचे दोन ‘पाटील’ असलेल्या रुग्णालयात ही ओळख अजूनही सिस्टरच्या लक्षात असते : एक सांगलीचे, पोटाचे ऑपरेशन झालेले, आणि दुसरे दम्याचे.

तसेच वेळेचे. मॉनिटरचे घड्याळ, पंपाचे घड्याळ, भिंतीवरचे आणि संगणकाचे, चारही वेगळे. मॉनिटर बसवताना जो तंत्रज्ञ आला त्याने वेळ लावली, त्याला चार वर्षे झाली. औषध दिले ३.१०ला, रक्तदाब उतरला ३.०४ला, असे नोंदीत दिसले तर औषधामुळे उतरला की आधीच उतरला होता? उद्या ग्राहक न्यायालयात याच सहा मिनिटांवरून वकील भांडतील. सगळी घड्याळे एका सर्व्हरवरून लावणे हे संगणक विभागाचे अर्ध्या दिवसाचे काम असते. आम्हाला असे वाटते, की कोणत्याही रुग्णालयाची या बाबतीतली तयारी तपासायची असेल तर आत शिरून फक्त घड्याळे पाहावीत.

आता साक्षीकडे येऊ. यंत्राचा प्रत्येक आकडा शरीराचा असतोच असे नाही. रुग्ण खोकला, कूस बदलली, की ईसीजीची रेघ नाचते. बोटाची क्लिप निसटली की ऑक्सिजन ७०. धमनीतल्या नळीतून तपासणीसाठी रक्त घेतले की तेवढा वेळ रक्तदाबाचा आकडा अर्थहीन होतो. सिस्टरला हे माहीत असते. ती तो आकडा लिहीतच नाही, क्लिप नीट लावते, मिनिटभर थांबते आणि मग लिहिते. तिच्या नक्कल करण्यात ही गाळणी अदृश्यपणे चालू होती. थेट जोडणीत ती गाळणी काढून टाकली तर कचरा आणि धान्य एकाच पोत्यात जाते. म्हणून चांगल्या पद्धतीत यंत्राकडून आलेले आकडे आधी वेगळ्या रंगात, ‘प्रस्तावित’ म्हणून दिसतात. सिस्टर ते पाहते, चुकीचे वगळते, आणि मान्य केल्यावरच ते तिच्या नावानिशी नोंदीत बसतात. काही रुग्णालये ही पायरी ‘वेळ वाचवण्यासाठी’ बंद करतात किंवा एका बटणावर पाळीभराचे आकडे मान्य करायची सोय देतात. म्हणजे न वाचता सही. सरकारी कचेरीत ती कशी होते ते आपल्याला ठाऊक आहेच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही हाताच्या नोंदीचे गोडवे गात आहोत असे वाटेल. हाताने लिहिताना माणूस आकडे गुळगुळीत करतो. भुलीच्या हस्तलिखित तक्त्यांत रक्तदाबाचे चढउतार प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतात, हे भूलतज्ज्ञ स्वतः कबूल करतात. १२३चे १२० होते, क्षणभराचा १८० लिहायचाच राहतो. श्वासाच्या रकान्यात तर वॉर्डच्या वॉर्ड ‘२०’ श्वास घेत असतो! यंत्राची नोंद निर्दय असते आणि ते तिचे बळ आहे. रुग्ण खालावायला लागतो तेव्हा आकडे अनेक तास आधीपासून थोडे थोडे सरकत असतात. ते सरकणे तासा-तासाच्या गोल आकड्यांत दिसत नाही, सलग नोंदीत दिसते.

अर्थात यंत्रही निर्दोष नाही. करोनाच्या काळात घरोघरी आलेला, जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांच्या १९७०च्या दशकातल्या शोधावर चालणारा ऑक्सिमीटर घ्या. आपण बोटाला लावून कागदावर ९४, ९३, ९५ असे लिहीत बसलो आणि व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना फोटो पाठवत राहिलो. ती आपली घरगुती ‘जोडणी’च होती. डिसेंबर २०२०मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतील एक अभ्यास आला. रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असूनही ऑक्सिमीटर तो पुरेसा दाखवतो, असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट वेळा घडत होते. काळ्या-सावळ्या कातडीच्या आपल्या देशात या आकड्यापुढे थोडे थांबावे असे कुणालाही वाटेल. नोंदीत मात्र ‘९४’ लिहिला जातो. कोणत्या यंत्राने, कशा बोटावर, हे त्यासोबत जात नाही. जावे, अशी सोय मानकांत आहे.

जोडणी चांगली झाली तर काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. गोव्यात २०१८पासून हृदयविकाराच्या झटक्यासाठी ‘स्टेमी’ प्रकल्प चालतो. काणकोण-पेडण्याकडच्या माणसाच्या छातीत दुखू लागले तर तो आधी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जातो. तिथे ईसीजी काढला की तो जागच्या जागी तज्ज्ञांपर्यंत पोचतो. झटका आहे असे ठरले तर गुठळी विरघळवणारे औषध तिथेच देऊन रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवतात. हे चालते, कारण वायरच्या दुसऱ्या टोकाला ईसीजी वाचणारा माणूस जागा बसलेला आहे, आणि या टोकाला औषध देण्याचा अधिकार असलेला. दोन्ही टोकांना माणूस नसेल तर मधली वायर कितीही वेगवान असो, ती फक्त साठवण करते.

नुसत्या साठवणीचे आणि नुसत्या ओरडण्याचे काय होते, तेही पाहा. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३मध्ये इशारा दिला होता. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात यंत्रांच्या धोक्याच्या घंटांशी संबंधित ९८ घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी ८०मध्ये रुग्ण दगावला. यामागचे एक मोठे कारण म्हणजे घंटा इतकी वाजत होती की ती ऐकू येईनाशी झाली. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आयसीयूत रोज घडते. आता त्याच घंटा संगणकावर आणि मोबाइलवरही येणार असतील, तर कोणती घंटा कुणाला जावी हे वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरला विचारून ठरवा. विकायला आलेल्या माणसाच्या सादरीकरणावरून ठरवू नका.

१२ मे या तारखेला आणखी एक आठवण चिकटलेली आहे. २०१७मध्ये याच दिवशी, ऐन परिचारिका दिनी, ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला घेरले. इंग्लंडमधल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८१ बाधित झाले. अंदाजे १९ हजार भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, एमआरआय आणि रक्ततपासणीची काही यंत्रेसुद्धा बंद पडली. जुन्या विंडोजवर चालणारी यंत्रे नेटवर्कला जोडलेली होती, म्हणून विषाणू त्यांच्यापर्यंत पोचला. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला आणि देशातले अग्रगण्य रुग्णालय जवळपास दोन आठवडे हाताने चालले. हाताने म्हणजे कुणाच्या हाताने? नोंदणीच्या खिडकीवर कारकून, वॉर्डात सिस्टर. तोवर वही कशी ठेवायची हे माहीत असलेले हात तिथे होते. दहा वर्षांनी नवी पिढी फक्त ‘मान्य’ बटण दाबायला शिकलेली असेल, तर अशा दिवशी काय होईल? प्रत्येक वॉर्डात महिन्यातून एक पाळी कागदावर चालवण्याची कवायत ठेवावी. आग विझवण्याची ठेवतातच.

आता खरेदीकडे. सरकारी रुग्णालयातला आयसीयू बघितला तर तिथे चार खाटांपाशी चार कंपन्यांचे मॉनिटर दिसतील. एक जिल्हा नियोजन समितीतून, एक आमदार निधीतून, एक कारखान्याच्या सामाजिक निधीतून, एक कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ. दात्याचे नाव समोर ठळक अक्षरांत असते. माहिती बाहेर काढायचे भोक मागे असते आणि त्याची किल्ली कंपनीकडे. कित्येक कंपन्या यंत्र स्वस्तात देतात आणि आकडे बाहेर देण्याच्या परवान्याचे पैसे नंतर वेगळे मागतात. म्हणजे आपलेच यंत्र, आपलाच रुग्ण, आपल्याच सिस्टरने लावलेल्या तारा, आणि आकडा मात्र भाड्याने घ्यायचा. निविदा लिहिणारा ‘आयएसआय’, ‘यूएसएफडीए’, ‘पाच वर्षे देखभाल’ या ओळी न चुकता घालतो. ‘यंत्र आपली सर्व मोजमापे, एकक आणि वेळेसह, मान्यताप्राप्त खुल्या मानकात, वेगळे शुल्क न घेता बाहेर देईल’ एवढी एक ओळ त्याला घालायला लावली तर पुढची पंधरा वर्षे वाचतील. यंत्रे तेवढी टिकतात. आज चुकीची घेतली तर तेवढीच वर्षे तळहात आहेच. महाराष्ट्राच्या आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांनी हे खरेदीच्या नियमांत आणावे, दान म्हणून येणाऱ्या यंत्रांनाही लावावे. यासाठी नवा निधी लागत नाही.

आयसीयूचे बोलताना गावाकडच्या उपकेंद्राला विसरू नये. तिथली आरोग्यसेविका एकाच गरोदर बाईचा रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन हे रजिस्टरात, बाईच्या कार्डावर आणि टॅबलेटच्या ॲपमध्ये, असे पुन्हा पुन्हा लिहिते. असंसर्गजन्य रोगांची तपासणी आली की त्याचे वेगळे ॲप. संगणक आल्यावर रजिस्टर जाईल असे तिला सांगितले होते. रजिस्टर गेले नाही, संगणक वर आला. ब्लूटूथचा रक्तदाबमापक आणि वजनकाटा तिच्या टॅबलेटला जोडला तर दिवसातला तास-दीड तास सुटेल. आणि तरी रजिस्टर बंद करण्याचा आदेश कुणीतरी सही करून काढावाच लागेल. आपल्याकडे तंत्रज्ञान सहज येते. जुना कागद काढून घेणारा आदेश मात्र येता येत नाही.

आणि सुटलेल्या वेळाचे काय? यावर कुणी उघड बोलत नाही. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, हा आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकीकडे तीन-चार खाटा असणे नवलाचे नाही. नोंद आपोआप होऊ लागली की कुणीतरी व्यवस्थापक हिशेब मांडेल : लिहिण्याचे काम गेले, मग एकीकडे पाच खाटा का नकोत? सिस्टर लोकांच्या मनात ही भीती आहे आणि ती निराधार नाही. त्यामुळे कित्येक ठिकाणी नव्या जोडणीला वॉर्डातूनच थंड प्रतिसाद मिळतो, आणि मग ‘आपल्या नर्सना संगणक येत नाही’ असे खापर त्यांच्यावर फुटते. त्यांना संगणक चांगला येतो. हिशेबही येतो. वाचलेला वेळ खाटेपाशीच खर्च होईल, मनुष्यबळ कमी होणार नाही, हे जोडणीच्या करारासोबतच लेखी द्यायला हवे. बोटाची क्लिप नीट करायला, पाठ चोळायला, पाटलांच्या मुलाला बाहेर जाऊन ‘आता बरे आहेत’ सांगायला तो वेळ आहे. त्याची नोंद कुठल्याच यंत्राला होत नाही.

आज दिवसभर सत्कार होतील. संध्याकाळी मेणबत्त्या विझतील. रात्रपाळीची सिस्टर ओव्हर घेईल : चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर. दुपारपाळीची निघताना तिला सांगेल, की पाच नंबरचा पंप मधेच ओरडतो आणि चार नंबरच्या मॉनिटरचे घड्याळ सात मिनिटे पुढे आहे. ती मान डोलावेल, आणि आत शिरण्यापूर्वी खिशात बॉलपेन आहे ना, ते चाचपून बघेल.